पत्त्यावरचं नाव

पोस्टात जन्म गेला की किस्से आपोआप साठतात, सांगायला मात्र रिटायर व्हावं लागतं. जळकोटजवळच्या आमच्या गावात पोस्ट म्हणजे माझ्याच घराची ओसरी. तिथले सगळ्यात जास्त किस्से कौसल्याचे. तिचा नवरा गौतम फौजेत, पलटण श्रीलंकेच्या लढाईत. हिला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून तिची पत्रं लिहिणारा मी आणि त्याची वाचणाराही मीच.

*

पहिल्याच पत्राला मी विचारलं, "पत्त्यावर नाव काय घालू?"

तिनं पदर तोंडावर ओढला. नवऱ्याचं नाव घेणार कशी?

"बरं, उखाण्यात घे."

"उखाना लग्नात घेतला की, मास्तर. पोस्टात कशाला?"

आणि तिनं त्याचा फौजेतला नंबर घडाघडा म्हणून दाखवला. नाव मला ठाऊक होतंच, पण खोड जित्याची! दर पत्राला मी नाव विचारायचो, ती नंबर सांगायची.

*

दुष्काळाचं साल. टँकर आला तर आला. गौतमनं लिहिलं, "इथं चारी बाजूंनी समुद्र आहे."

"लिवा, चार घागरी पाठवून द्या म्हनावं."

मी लिहिलं. तशी ती म्हणाली, "आन् पान्याजवळ जाऊ नका म्हनावं. पोहता येत न्हाई त्यास्नी."

*

लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाच-सहाच वर्षं झालेली. गौतम पत्त्यावर सवयीनं उस्मानाबादच लिहायचा, आणि पत्र तिकडून फिरून यायचं. सगळे खूश, जिल्हा जवळ आला म्हणून.

कौसल्या म्हणाली, "माजा मानूस आठ दिवस लांब गेला."

*

त्याच्या प्रत्येक पत्रात खाली दोन बोटं जागा कोरी असायची. एकदा मी म्हटलं, "कागद वाया घालवतो हा."

तिनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "ते तुमाला वाचायला न्हाई, मास्तर."

*

मग सात आठवडे पत्रच नाही. ती रोज यायची, थैली रिकामी झालेली बघायची, जायची. मी नाव विचारायचं सोडून दिलं. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटी त्याच्या दोस्ताच्या हातचं पत्र आलं, दवाखान्यातून. सुरुंग फुटला, गौतम वाचला, जखमा भरल्या. ऐकायला मात्र कमी येतं. सुटीवर पाठवत आहेत.

तिनं दोनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, "म्या लई जोरात बोलते म्हनून सासू कावते. आता कामाला येईल."

*

जळकोटच्या स्टँडवर मी तिच्यासोबत गेलो. गौतम एसटीतून उतरला आणि आमच्याकडं पाठ करून टपावरची ट्रंक खाली घेऊ लागला.

"अवो!" कौसल्या म्हणाली.

मग तिनं नंबर म्हटला, सगळाच्या सगळा.

मग तोंडावरचा पदर काढला आणि जीव खाऊन ओरडली, "गौतम! गौतम!"

कंडक्टर वळला, चहावाला वळला. इतके दिवस मी मागत होतो ते नाव अख्ख्या स्टँडनं ऐकलं.

गौतम ट्रंकेची कडी बसवत होता.