रिंगखालची जागा

आमच्या टीमचे बहुतेक किस्से मैदानावरचे नाहीतच, पावसाळ्यातले आहेत. हळ्ळीखेडच्या काळ्या मातीत चार महिने बास्केटबॉल उसळत नाही, रुतून बसतो. मग शाळेच्या ओसरीत बसून एकच उद्योग: दसऱ्यानंतर कुणाला ठेवायचं आणि कुणाला बसवायचं. खेळलो थोडं, बोललो फार. त्यामुळं आज एकाही मॅचचा आकडा आठवत नाही, बोलणं मात्र सगळं आठवतं.

*

गोष्ट निजामाच्या राज्यातली. गफूर मास्तर हैदराबादहून ड्रिल शिकून आले आणि येताना हा खेळ घेऊन आले. चेंडू आणला, रिंग नाही आणली. मल्हारीअण्णा आमच्यातला सगळ्यात उंच गडी. त्यानं आपल्या विहिरीवरच्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं काढून दिलं. मास्तरांनी मापलं तर दोन बोटं मोठं भरलं. अण्णा म्हणाला, असू द्या, आपल्यालाच सोपं. समोरच्यालाही तेवढंच सोपं, हे आम्हाला पहिली मॅच हरल्यावर कळलं.

अण्णाची बायको शांताक्का आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "वांग्याला पाणी आता चेंडूनं घाला."

*

मग हुमनाबादची मॅच. उडी मारून खाली येताना अण्णाचा गुडघा मुरगळला. मास्तरांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, रिंगखाली उभा करायला दुसरा उंच माणूस नाही. शेवटी मला उभं केलं. मी अण्णाच्या सदऱ्याच्या खिशाला लागतो. समोरच्या गड्यानं मला मोठ्या मायेनं विचारलं, "चेंडू आणून द्यायला आलायस का?"

हरलो, हे सांगायला नको. परतताना बैलगाडीत मास्तर एवढंच बोलले, "मियाँ, रिंग के नीचे दो आदमी होना. एक गिरा तो दूसरा."

*

त्या पावसाळ्यात मास्तर बाजारात भाजी बघायचे सोडून माणसांची डोकी बघू लागले. एकदा गर्दीच्या वर एक फेटा दिसला. मास्तर धावले, मागं मी. तो माणूस हरवलेला बैल शोधत ज्वारीच्या पोत्यावर उभा होता. खाली उतरला तर माझ्याएवढा!

*

दुसरा उंच माणूस शेवटी आणला तो मल्हारीअण्णानंच. बैल बघायला ठाणाकुशनूरकडं गेला होता. तिथं एक गडी आपल्या शेळ्यांना बाभळीच्या शेंगा काढून देताना दिसला. आकडी नाही, काठी नाही, नुसता हात वर करत होता. त्याचं नाव सिदराम. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, आता मिळेल तिथं मजुरी. अण्णानं त्याला गावात काम लावून दिलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि शांताक्काच्या हातची भाकरी खाऊ घातली.

मला राहवलं नाही. विचारलं, "अण्णा, कामून आणलं ह्येला? तुझीच जागा जाईल की."

"टीमला पायजे," तो म्हणाला. मग गुडघा चोळत म्हणाला, "रिंगखाली हाय तवर मी मल्हारी. न्हाईतर निस्ता लांबडा माणूस."

मला फार वाईट वाटलं. आणलाच नसता तर बरं, असंही वाटून गेलं.

*

रिंगखाली कोण उभा राहणार, हे ठरवायची आमची रीत साधी होती. दसऱ्याच्या आधी हाताला ओली काव लावायची, उडी मारायची आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर पंजा उमटवायचा. ज्याचा पंजा वर, त्याची जागा. दरवर्षी सगळ्यात वर अण्णाचाच लाल पंजा असायचा.

त्या वर्षी अण्णा उडाला तेव्हा गुडघ्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. पंजा मागच्या वर्षीपेक्षा चांगलाच खाली उमटला. मग सिदराम उडाला. त्याचा पंजा अण्णाच्याही दोन बोटं खाली!

आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा राहिला म्हणून माझ्या जिवात जीव आला. सिदराम हात धुवायला गेला तो खाली बघतच. अण्णा मात्र भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला, कधी सिदरामच्या पंजाकडं बघत, कधी सिदरामकडं.

*

दसऱ्याच्या सकाळी मास्तरांनी यादी वाचली. रिंगखाली मल्हारी, सिदराम जादा.

संध्याकाळी सगळे गावाबाहेरच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडं गेलो. आमच्याकडं सोनं म्हणून बन्नीचाच पाला वाटतात. आम्ही पोचेपर्यंत गावानं खालच्या फांद्या ओरबाडून झाड बोडकं केलं होतं. पाला उरला होता तो वरच.

अण्णानं उडी मारली. फांदी हातभर वरच राहिली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग तो गुडघा धरून उभा राहिला.

"सिदराम, बघ की जरा. मास्तरला द्यायला पाला न्हाई."

सिदरामनं विचार केला नाही. जागच्या जागी उडाला आणि फांदी घेऊनच खाली आला. काट्यांनी तळहात फाटला होता, रक्त आलं होतं. सगळी टीम झाडाकडं बघत राहिली. एवढ्या वर गेलेला माणूस आम्ही कुणी पाहिला नव्हता. काय झालं ते सिदरामच्या तेव्हा ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली.

अण्णानं त्याच्या हातातली फांदी घेतली. चार पानं तोडून मास्तरांच्या हातावर ठेवली.

"घ्या मास्तर, सोन्यासारखं राहू. अन् यादी पुन्हा लिव्हा."