मोरव्याची पानं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी मी मूग गिळून बसले. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि माईकवर सेक्रेटरी हिंदीत सांगतायत की आपल्या बी विंगच्या मॅडमनी कॅन्सरवरचं औषध शोधून काढलंय. माझा पेपर नुकताच छापून आला होता, म्हणून हा सत्कार. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, तसं काही नाही. पण म्हटलं नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी वाजवल्या.

पेशी कशा मरतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. ऐकायला भयंकर वाटतं, पण गोष्ट साधी आहे. शरीरातली पेशी जुनी झाली, बिघडली, की ती आपलं आपण आवरतं घेते आणि गुपचूप मरते. कॅन्सरची पेशी मरायचं नावच घेत नाही. तिला मरायला भाग कसं पाडायचं, यावर जगभर लोक डोकं फोडतायत, त्यातली मी एक. आमच्या पेपरात आम्ही भाईंदरच्या खाडीकाठच्या एका झुडपाच्या पानांचा अर्क काढला होता. प्रयोगशाळेत थाळीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर तो टाकला आणि पेशी मेल्या. बस, एवढंच. थाळीतल्या पेशी मारायला फार अक्कल लागत नाही. फिनाइल ओतलं तरी मरतात.

पण असं कोणी लिहीत नाही. आमच्यात रीत आहे, पेपरच्या शेवटी एक वाक्य टाकायचंच: हा अर्क भविष्यात उपचारासाठी उपयुक्त ठरू शकतो. लग्नपत्रिकेत खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ असतं ना, तसं ते वाक्य. लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही आणि तपासणारा तिथे थांबत नाही. आणखी एक गोष्ट होती. तोच अर्क निरोगी पेशींवर टाकला तर त्याही मरत होत्या, जवळजवळ तेवढ्याच. तो आलेख मी मुख्य पेपरात ठेवला होता. आमचे गाइड म्हणाले, याने मुद्दा विस्कटतो, हे पुरवणीत टाक. पुरवणी म्हणजे वेगळी फाइल, ती वेगळी उघडावी लागते. एका किडक्या वांग्यावरून भाजीवाल्याशी भांडणारी मी, तिथे हो सर म्हणाले.

काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी काउंटरवर गेली, त्यामुळे छापील कागदावर त्यांचा फार जीव. औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा त्या भिंग लावून वाचायच्या. काका गेल्यावर घरात त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा काशीमीऱ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे. काकूंच्या छातीत गाठ निघाली तेव्हा रिपोर्ट आधी माझ्याकडे आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी केमो, गाठ बारीक झाली की ऑपरेशन. दोन केमो झाल्या. केस गेले, तोंड सोलवटलं, वरणभातसुद्धा झोंबायचा. मग एकदा लिफ्टमध्ये भेटल्या, चेहऱ्यावर तजेला. म्हणाल्या, डॉक्टरांनी थोडी सुट्टी दिलीय. आणि मी, कॅन्सरवर पेपर लिहिणारी बाई, बरं झालं म्हणून आपल्या दारात शिरले. कसली सुट्टी, किती दिवसांची, एका शब्दाने विचारलं नाही. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी कढीपत्ता मागायला त्यांच्याकडे गेले. त्यांच्या गॅलरीत ऊन येऊ नये म्हणून जुनी साडी बांधली होती, आणि खाली वर्तमानपत्रांवर पानं वाळत घातली होती. कोपऱ्यात चिठ्ठी, पोस्टातल्या त्या गोल, स्वच्छ अक्षरात: दिवस पाचवा. पानं मी ओळखली. माझ्याइतकी ती पानं कोणी ओळखणार नाही, दोन वर्षं मी ती वेचली, दळली, गाळली होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलाने पेपर उतरवून घेतला होता. तो कोणालाही वाचता येईल असा खुला होता, आणि त्याचा मला केवढा अभिमान! आम्ही प्रयोग कसा केला याचा जो भाग असतो, तो त्याने रेसिपीसारखा वाचला होता. पानं कुठली, तर भाईंदर पश्चिमेला मोरवा गावाजवळच्या खाडीकाठची. मीच लिहिलं होतं. सात दिवस सावलीत वाळवायची. दळायची. दोन दिवस भिजत ठेवायची, मग गाळायची. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला होता, वहीत रोजची नोंद होती. आम्ही पानं स्पिरिटमध्ये भिजवली होती, ते पोटात कसं द्यायचं म्हणून त्याने पाणी घेतलं, तेवढाच काय तो बदल. माझा पेपर इतक्या काळजीने तपासणाऱ्यांनीही वाचला नव्हता.

डॉक्टरांनी सुट्टी दिलीच नव्हती, केमो यांनीच सोडली होती. मी मुलावर तुटून पडले. शिकलासवरलास, काशीमीऱ्याला बसून दिवसभर इंग्रजी मेल लिहितोस, आणि आईला पाला भिजवून पाजतोस? केमो सोडलीत, मला विचारलंत का? तो हळूच म्हणाला,

“ताई, तुम्ही लिहिलंय तसंच केलं.”

मी घरी जाऊन लॅपटॉप आणला, पुरवणी उघडली आणि काकूंना तो आलेख दाखवला. म्हटलं, बघा, याने चांगल्या पेशीही मरतात. काकूंनी चष्मा लावला. आलेखावरून बोट फिरवलं. मग विचारलं,

“हे आत का नाही टाकलंस गं?”

टाकलंय, मी म्हटलं, मागे, वेगळ्या फाइलमध्ये. त्यांनी चष्मा काढून केसमध्ये ठेवला. पोस्टात एवढी वर्षं काढली, म्हणाल्या, महत्त्वाचं कोणी पाकिटाच्या बाहेर चिकटवतं का? आवाज चढला नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन हॉस्पिटलला गेले. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, पण केस पेपरवर त्यांनी काय लिहिलं ते मी उलटं वाचलं: रुग्णाने उपचार सोडले. रुग्णाने! स्कॅन झाला. जी गाठ बारीक करून काढायची होती ती काढण्यापलीकडे गेली होती, आणि यकृतातही डाग होते. आता केमो पुन्हा सुरू करायची, पण बरं करण्यासाठी नाही. जितके दिवस मिळतील तितके.

आल्यावर मी गाइडकडे जाऊन भांडले. खुर्चीसुद्धा घेतली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझ्या पेपरात एक अक्षर खोटं नाही. खरं होतं ते, म्हणूनच मला त्यांचं टेबल उलटं करावंसं वाटलं. खाली पार्किंगमध्ये सेक्रेटरी सापडले, त्यांनाही फैलावर घेतलं. ते म्हणाले, मॅडम, आपने तो उस दिन मना नहीं किया. तेही खरं. ज्याच्या अंगावर धावून जावं तो माझंच बोट धरून मला माझ्याकडे आणून सोडत होता.

काकू आता बहुतेक झोपून असतात. संध्याकाळी मी तासभर जाऊन बसते. एकदा त्यांनीच मोरव्याचा विषय काढला. पहिल्यांदा पानं आणायला त्या मुलाबरोबर स्वतः गेल्या होत्या. बांधावर एक म्हातारी सुकट वाळत घालत होती. ती म्हणाली होती, “हा पाला ढोरं पन खात न्हाय, तुमी कशाला नेताय?” मी झटकन वर बघितलं. तीच म्हातारी, तेच वाक्य. मी पानं वेचायला जायचे तेव्हा मलाही तिने हेच सुनावलं होतं, आणि मी हसून पुढे गेले होते. काकूंनी तिला सांगितलं होतं, आमच्या समोरच्या मुलीने शोधलंय, पुस्तकात छापून आलंय.

गेल्या आठवड्यात आमच्या पुढच्या पेपराचा मसुदा लॅपटॉपवर घेऊन त्यांच्या खोलीत बसले होते. निरोगी पेशींचा आलेख या वेळी मी मुख्य पेपरात, पहिल्याच पानावर घेतला होता आणि मनातून जरा खूशही होते. काकू म्हणाल्या, शेवटचं वाक्य मराठीत वाच. शेवट गाइडनी लिहिला होता, आणि माझंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. वाचलं: हा अर्क भविष्यात उपचारासाठी उपयुक्त ठरू शकतो.

काकूंनी डोळे मिटले.

“हे ऐकून मी पुन्हा मोरव्याला गेले असते.”

मी तिथल्या तिथे, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून ते वाक्य काढून टाकलं. पडद्यावर शेवटी मोकळी जागा राहिली. मग विचारलं, काकू, आता इथे काय लिहू?

“ती म्हातारी काय म्हणाली होती,” त्या म्हणाल्या, “ते लिही.”