तानाजीच्या आईचे वडील

सांगलीला मुलीकडे पेपर वाचत बसलो होतो, तेवढ्यात तानाजीच्या मुलाचा, अमरचा फोन आला. "काका, आबा गेलं…" माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "त्याला काही कळलं होतं का?" अमरला वाटलं, मी दुखण्याचं विचारतोय. मी त्याला तसंच वाटू दिलं. त्या फोनला आता सात आठवडे झाले, पण मला घरात एका जागी बसवत नाही.

तानाजी मूळचा मेढ्याचा, साताऱ्यात गॅरेज चालवायचा. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. नवं माणूस हटकून विचारायचं, "कोकणस्थ का?" हा म्हणायचा, "न्हाई, जर्मन." लोक हसायचे, पण ते खरं होतं. त्याची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. महायुद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांनी तिला इतर जर्मनांबरोबर साताऱ्यात नजरकैदेत ठेवलं. युद्ध संपेपर्यंत तिचा पूर्व प्रशिया हा जर्मन प्रांत उरलाच नव्हता. पोलंड आणि रशियाने तो वाटून घेतला, माणसं हुसकली गेली, गावांची नावंसुद्धा बदलली. ती इथेच राहिली, छावणीवरच्या मेढ्याच्या एका ड्रायव्हरशी लग्न केलं आणि तानाजी सहा वर्षांचा असताना वारली. मागे राहिलं छावणीतलं एक ओळखपत्र. त्यावर नाव, हेलेना गेर्डा ब्राउन.

तानाजीचा सगळा जीव आजेपाडव्यात अडकलेला. घटस्थापनेच्या दिवशी नातवानं आईच्या वडिलांना पाणी द्यायचं, हा आपला रिवाज. तो म्हणायचा, "मास्तर, धरणाखाली गेलेली आपली गावं उन्हाळ्यात कळस तरी दावत्यात. आईचं गाव हाय तिथंच हाय, पर तिथं तिचं कुणी न्हाई. माज्याबिगर म्हाताऱ्याला पाणी कोण देणार?" ओळखपत्रावरून आजोबांचं नाव गेर्डा, हे आम्ही दोघं धरूनच चाललो. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव… यात शंका ती कसली? बारा वर्षं मी जर्मनीतल्या कचेऱ्यांना इंग्रजीत पत्रं लिहिली, गेर्डा ब्राउन या गृहस्थांचा शोध घ्यावा म्हणून. उत्तर एकच यायचं, असे कोणी गृहस्थ नोंदीत नाहीत. तरी दर आजेपाडव्याला तानाजी गेर्डाच्या नावानं पाणी सोडायचा. "चुकीच्या म्हाताऱ्याला तर जात नसंल न्हवं?" असं एकदा विचारलं होतं त्यानं. मी ठासून सांगितलं, "अजिबात नाही."

शेवटचा मेल माझ्या फोनवर आला तो मंगळवारी. चर्चच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या कुणा बाईंनी लिहिलं होतं, गेर्डा हे बाईचं नाव आहे, तुमच्या मित्राच्या आईचंच ते दुसरं नाव. आमच्याकडे वडिलांचं नाव मध्ये लिहीत नाहीत. मग त्यांनी नुसतं हेलेना ब्राउन शोधलं होतं, जन्मतारखेसकट सापडलं होतं. वडील कार्ल, धंदा लोहाराचा.

लोहार! गॅरेजवाल्या तानाजीला हे ऐकून काय झालं असतं! गाडी काढून लगेच जायला हवं होतं. पण एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला लाज आडवी आली. बारा वर्षं मी त्याला एका बाईच्या मागे फिरवलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगलीहून आल्यावर निवांत सांगू, म्हटलं. शनिवारी तो गेला.

परवा अमरनं घरी बोलावलं. तानाजीच्या खोलीत कॉटशेजारी त्याचं खोकं होतं, त्यात त्याच्या अक्षरातला, घड्यांवर फाटलेला कागद. आजेपाडव्याला वाचायची नावं. "वर्ष झालं की आबांच्या जागी ह्ये मी चालवणार," अमर म्हणाला. "नाव बरोबर हाय न्हवं, काका?"

मी पेन मागितलं. गेर्डा खोडायला हात धजेना, म्हणून खाली लिहिलं, कार्ल. मग सगळं सांगितलं.

"मेल कवा आला म्हनला?"

"मंगळवारी."

"आबा शनवारी गेलं."

"हो."

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "चहा नको टाकूस गं. काका निघाल्यात."