पंचफुलाबाईचं दुखणं मारोतराव सांगतात

पंचफुलाबाईला बसवत नव्हतं. जेवायला बसली की अर्ध्यातून उठायची, मीठ आणायला, पाणी आणायला, आणि काहीच न आणता परत ताटावर यायची. भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. नागपूरच्या महाल भागातल्या त्या वरच्या दोन खोल्यांत तिच्या इतक्या येरझारा चालायच्या की खाली राहणाऱ्या घरमालकीण यमुताई छताकडे बघून हाक द्यायच्या, "अवं पंचफुला, बस नं थोडी. माह्या डोक्यावरून बैलगाडी जाऊन राहिली."

लोकांना वाटायचं, काय कामाची बाई आहे. तिला ठाऊक होतं, हे काम नव्हे. छातीत कोणीतरी सारखं दार ठोकत होतं. पौषातही पाठीवर घामाची धार लागायची. भूक दोन माणसांची आणि अंग मात्र दर महिन्याला उतरत चाललेलं. बांगड्या मनगटावर राहायला तयार नव्हत्या, पार कोपरापर्यंत चढायच्या. आपण अशाच धावत धावत एक दिवस पडणार आणि दोन पोरं उघडी राहणार, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

दवा चालू नव्हती असं नाही. दवा भरपूर होती. डॉक्टर तेवढा सापडत नव्हता.

ती आणि नवरा मारोतराव, दोघं मूळची उमरेडची. तिकडे रीत अशी, की बाईमाणसाचं दुखणं नवऱ्यानं दवाखान्यात जाऊन सांगायचं आणि बाटली घेऊन यायची. तिथं ते चालून जायचं, कारण तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पंचफुलाला परकरात पाहिलेली होती, आणि मारोतरावांच्या बोलण्यातलं किती ठेवायचं नि किती सोडायचं हेही त्यांना बरोबर कळायचं. नागपूरच्या डॉक्टरांना यातलं काय ठाऊक? त्यांच्यासमोर फक्त मारोतराव.

आणि मारोतराव साडीच्या दुकानात सेल्समन. घडी मोडून पदर असा फेकायचे की गिऱ्हाईक लग्न नसताना शालू बघत बसायचं. "घेऊ नका ताई, पाहा तर खरं. हात लावून पाहा. रंग गेला तर माहं नाव बदला." बायकोचं दुखणंही ते डॉक्टरांपुढे तसंच उलगडायचे, काठ आधी, पदर नंतर.

डॉक्टर निवडायचा त्यांचा नियमही दुकानातला होता. जिथं गर्दी, तिथं माल चांगला. म्हणून आधी ते इतवारीतल्या एका गर्दीच्या डॉक्टरांकडे गेले. ते मान वर न करता लिहायचे आणि दर वाक्यामागे म्हणायचे, "हां, आगे?" मारोतराव आगे आगे जात राहिले. सांगून संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कमजोरी है. टॉनिक पिलाव." टॉनिकनं पंचफुलाची भूक आणखी वाढली.

मग धरमपेठेतले दुसरे. यांचं बोलणं कसं, तर इस्त्रीचं. "असं बघा मारोतराव, बायकांना ना, काळजी करण्याची सवयच असते. झोप कशी आहे?"

"झोप तर फस्टक्लास, साहेब."

त्यांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. घरी येऊन मारोतरावांनी सगळा संवाद दोन्ही आवाजांत करून दाखवला. पंचफुला पोळपाट पुसत होती. पुसून झाला होता, तरी पुसत होती.

"झोप फस्टक्लास कोणाची, अजी? मले डोळा लागत नाही."

"असं? मले तर काही दिसलं नाही बाप्पा."

"घोरणाऱ्याले काय दिसते? मलेच घेऊन चाला नं एकदा."

"तू काय सांगशील तिथं? अवं, तुले तर रेशनच्या दुकानात आपलं नाव सांगता येत नाही. ततपप करतं. डॉक्टर म्हणन, काहून आणली हिले."

त्या लग्नसराईत मारोतरावांचा घसा बसला. बोलण्यावर पोट, आणि आवाज असा, जसे रिकाम्या डब्यात खडे. मालकानं त्यांना घड्या घालायला मागे बसवलं. यमुताई म्हणाल्या, "कोपऱ्यावर नवा दवाखाना झाला, गजभिये डॉक्टरचा. पण तिथं कोणीच जात नाही बाई. बाक रिकामा राहते."

मारोतरावांनी नाक मुरडलं. पंचफुलाचे मात्र कान टवकारले. जिथं रांग नाही, तिथं डॉक्टरला वर बघायला वेळ असेल.

"चाला," ती म्हणाली. "मी सोबत येते. तुमाले बोलाचं नाही, घसा आणखी जाईन."

गजभिये डॉक्टर तरुण होते, टेबल अजून वॉर्निशच्या वासाचं. त्यांनी मारोतरावांना स्टुलावर बसवून विचारलं, "काय होते?"

मारोतरावांनी खाकरायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"यायचा घसा गेला, साहेब. कसा गेला म्हणाल तर, ऐका तर खरं. लिहू नका, ऐका. वरून माणूस धडधाकट, अंदरून खडखडाट. जेवण बरोबर. झोप तर फस्टक्लास."

हुबेहूब मारोतराव. हात हवेत पदर फेकल्यासारखा.

"अवं मले कुठं झोप—" मारोतराव खरखरले.

"यायले नाही कळत, साहेब. माहं ऐका."

डॉक्टर मारोतरावांकडे बघत होते, तिच्याकडे बघत होते, आणि मग तिच्याकडेच बघत राहिले. बाजूला खुर्ची होती आणि बाई उभी होती. पाऊल जमिनीवर ठोकत होतं. बांगड्या आपोआप वाजत होत्या.

"बाई, तुमी बसत काहून नाही?"

"बसवत नाही."

"केव्हापासून?"

"साहेब, हिचं असं आहे—" मारोतराव वळले. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला आणि त्यांच्या जिभेखाली ठेवला. "दाबून धरा. बोलू नका, फुटन."

मग ते पंचफुलाला म्हणाले, "हात समोर करा. बोटं पसरा." पसरलेल्या बोटांवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला, खिडकी बंद असताना. नाडी बघितली. गळ्याला हात लावून घोटभर पाणी गिळायला सांगितलं.

"गळ्यात एक ग्रंथी, थायरॉईड, सगळ्यायलेच असते. तुमची जास्त काम करून राहिली. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासू. गोळ्या बरेच महिने घ्या लागतीन, पण हे बरं होते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणखी काय होते? सांगा."

एवढे दिवस पंचफुलानं मनात रचलेलं सगळं पळालं. मग कुठूनही सुरू झालं, उलटसुलट. रस्त्यात कोणी नुसती हाक दिली तरी रडू येतं. जिना चढताना गुडघे लटपटतात. पोराला विनाकारण मारलं. आणि संक्रांतीला माहेरी गेली, तेव्हा बहिणीला सांगून आली, माह्यानंतर पोरायले पाहजो.

डॉक्टरांनी "हां, आगे" म्हटलं नाही. मारोतरावांच्या तोंडातल्या थर्मामीटरची वेळ केव्हाच संपली होती, पण ते तो काढेनात.

शेवटी डॉक्टरांनीच काढला. "ताप नाही."

मारोतरावांनी बायकोकडे बघितलं. होता नव्हता तो आवाज काढून म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं?"

"केव्हा सांगू? तुमीच तर सांगून राहिले होते."



"आता यांचा घसा पाहू," डॉक्टर टॉर्च शोधू लागले.

पंचफुला दाराकडे निघाली. "पाहा साहेब. यायचं यायले सांगू द्या. मी बाहेर आहो."