मुक्कामाची पिशवी

माझ्या ताईला मुक्काम हा शब्द ऐकवत नाही. भावोजी बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. संध्याकाळी गाडी घेऊन पार शेवटच्या गावाला जायचं, रात्री तिच्यातच झोपायचं आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचं, याला त्यांच्या खात्यात मुक्कामी गाडी म्हणतात. ती कुणालाच नको असायची, आणि आमच्या भावोजींना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. त्यामुळे नोकरीची बहुतेक वर्षं ती त्यांच्याच गळ्यात पडली. इतरांच्या घरी मुक्काम म्हणजे पाहुणे, गप्पा, हसणं-खिदळणं. ताईच्या घरी मुक्काम म्हणजे तिचं एकटीचं ताट.

मुक्कामाची एक पिशवी होती, जाड खाकी कापडाची, ताईनेच शिवलेली. चादर, टॉवेल, स्टीलचा पेला, टॉर्च, डबा. ताई ती डोळे मिटून भरायची. सकाळी भावोजी आले की पिशवी रिकामी करता करता विचारायची, "काल होतात तिथून काय दिसतं हो?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "काय दिसणार? अंधार."

साफ खोटं. मला एकदा बोलण्याच्या ओघात सांगून गेले, की एका गावाला गाडी तळ्याच्या अगदी काठावर उभी राहते, आणि उजाडताना मागच्या लांब सीटवरून पडल्या पडल्या सगळं पाणी दिसतं. हे बायकोला सांगायला काय जात होतं यांचं? मी तेव्हाच जिना उतरून ताईला सांगितलं. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे यांच्या संसारात नाक खुपसायला मला चपलाही घालाव्या लागत नाहीत. ताई म्हणाली, "मला एकदा बघायचंय गं ते. त्यांच्या शेजारी पडून." तिने भावोजींना म्हणूनही बघितलं. "ड्यूटीवर बायको नेतात का?" एवढ्यावर विषय संपला. तिच्या मनातून मात्र तो गेला नाही. तळ्याचं चित्र असलेलं कॅलेंडर वर्ष सरलं तरी तिने भिंतीवरून काढलं नाही.

तर यांची लेक लग्न होऊन परदेशी गेलेली. यंदा तिने घाट घातला, की आईबाबांनी यायचं आणि मोटरहोम भाड्याने घेऊन फिरायचं. मोटरहोम म्हणजे आत पलंग, शेगडी, न्हाणीघर असलेली गाडी. लेक-जावई कार घेऊन पुढे, हे दोघं मागे. भावोजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिकडे रस्त्याची बाजू उलटी, म्हणून दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून ते रोज सकाळी उलट्या बाजूला बसायचे आणि ताटलीचं स्टिअरिंग करून सराव करायचे. ताई दुसऱ्या खुर्चीत बसून भाजी निवडायची.

रात्री कुठे थांबायचं ते बाबांनी ठरवायचं होतं. लेक फोनवर जागांचे फोटो पाठवायची. आम्ही डोंगर बघायचो, झाडं बघायचो. भावोजी फाटक बघायचे. "आत शिरेल, पण वळणार कुठे?" समुद्रकिनारा बाद, चाक रुतेल. जंगल बाद, फांद्या टपाला घासतील. शेवटी साहेबांना पसंत काय पडलं, तर हमरस्त्यालगत पेट्रोल पंपामागचं डांबरी मैदान.

मी कपाळावर हात मारला. "भावोजी, इतक्या लांब जाऊन पंपामागे झोपायचं?"

"मेहुणीबाई, गाडी सकाळी अडकता कामा नये. बाकी सगळं ठीक आहे."

ताईच्या हातातल्या फोनवर वेगळाच फोटो होता. एक अरुंद रस्ता, पुढे तळं. रस्ता पाण्यापाशीच संपत होता. स्क्रीन विझली की ती बोट लावून पुन्हा उजळवत होती.

"अहो, हे?"

"तिथे वळणार नाही गं."

"वळवायची कशाला? सकाळची पहिली फेरी आहे का तिथून?"

भावोजी मोठ्याने हसले, ताईच्या हातातून फोन घेतला, फाटक बघितलं आणि लेकीला पंपाची जागा कळवून टाकली. ताई स्वयंपाकघरात गेली. मला असा संताप आला, की चहा अर्धा टाकून मी वर निघून आले.

निघायच्या आधीच्या आठवड्यात लेकीने फोनवर बजावलं, "आई, पहिल्या मुक्कामाचं सामान वेगळ्या पिशवीत भर, पोचल्यावर शोधाशोध नको." दुपारी मी खाली गेले तेव्हा ती खाकी पिशवी भरून पलंगावर तयार होती. भावोजींना कुणाच्या कामावर भरवसा नाही. त्यांनी ती उलटी केली. एक चादर, एक टॉवेल, एक पेला, टॉर्च.

"अगं, तुझी चादर?"

"माझी?"

"मग तू काय अंगावर घेणार?"

ताईने पलंगावरच्या सामानाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. "बघा की. मुक्काम म्हटलं आणि हात आपले भरत गेले. मुक्कामाला मी कधी होते?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. भावोजी पेला हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"ते तळ्याकाठचं आहे का अजून?"

"बाबा, तिथे गाडी वळत नाही म्हणालात ना?"

"रिव्हर्स घेईन. बघ तू."

तिने बघितलं. एकच रात्र शिल्लक होती. ताई दाराची कड धरून उभी होती.

"घे," भावोजी म्हणाले. "पंपाचं रद्द कर."

फोन ठेवून ते उठले आणि कपाटातून दुसरी चादर काढली. घडी इतकी वाईट घातली, की ताईने ती हातातून घेऊन पुन्हा घातली.

"गाडीतला पलंग खिडकीला लागून आहे म्हणे," भावोजी म्हणाले. "खिडकीकडे तू झोप."

"तिथून काय दिसेल हो?" तिने सवयीने विचारलं.

भावोजींनी दुसरा पेला पिशवीत ठेवला.

"ते आता तू मला सांग."