सुजाताचा टँक विकायचा नाही

इनबॉक्समध्ये "लास्ट प्राइस?" विचारणाऱ्यांनो, आता बस करा.

माणूस गेलंय आमच्या घरातलं. सेल लागलेला नाही.

आज सुजाताला जाऊन एक वर्ष झालं. माझी बायको. तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्येच, तिने खाऱ्या पाण्याचा टँक उभा केला. जिवंत प्रवाळांचा.

ज्यांनी नुसते फोटो लाइक केले त्यांच्यासाठी सांगतो. प्रवाळ हा जीव आहे. तो पाण्यातलं कॅल्शियम ओढून स्वतःचा सांगाडा बांधतो. समुद्रात ते कधी संपत नाही. तीन फुटांच्या काचेत संपतं. म्हणून सारखं मोजायचं, आणि गेलं तेवढंच परत घालायचं. कमी पडलं तर वाढ थांबते. एकदम ओतलं तर वाट लागते.

कॅल्शियमच्या रीडिंगचं तिचं टार्गेट चारशे वीस.

"या घरात एवढीच चारसोबीसी चालेल," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

लोक बोलायचे. "पोरं नाहीत ना, म्हणून मासे पाळलेत."

एका बाईंनी हे तिच्या तोंडावर म्हटलं. सुजाता शांतपणे म्हणाली, "मासे दोनच आहेत. बाकी सगळं प्रवाळ. बोलायचंच असेल तर आधी नीट बघा."

सोसायटीचे चेअरमन आले. "मॅडम, तिसऱ्या मजल्यावर समुद्र कशाला? स्लॅबवर लोड येतो."

"तुमच्या दिवाणावर चार पाहुणे बसले की एवढाच लोड येतो. पाहुणे बंद करणार का?"

चेअरमन चहा पिऊन गेले. टँक राहिला.

मग कॅन्सर आला.

डॉक्टर म्हणाले, केमो चालू आहे तोवर त्या पाण्यात हात घालायचा नाही. इन्फेक्शन होईल.

"बघायला मनाई नाही ना?"

"नाही."

"मग झालं. हात यांचे वापरू."

मी कॉमर्सवाला. बारावीनंतर लॅबचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि बारावीतही नव्हतं. आता कॅल्शियम मोजायला टँकचं पाणी नळीत घेऊन, थेंब थेंब औषध टाकत, गुलाबीचा निळा रंग होण्याची वाट बघायला लागलो. ती समोर खुर्चीवर, डोक्याला स्कार्फ.

"हळू. हलवा. अजून एक. थांबा... अहो, थांबा म्हटलं ना!"

पुढे तिला अॅडमिट करावं लागलं. आणि नेमकं तेव्हाच कॅल्शियम खाली यायला लागलं.

तिने सांगितलेला डोस मी रोज घालत होतो. रीडिंग चढेना. तिने फोनवरून डोस वाढवला. तरी चढेना. तिचं सगळ्यात लाडकं प्रवाळ, ज्याला हे प्रवाळ पाळणारे लोक हॅमर म्हणतात, ते आक्रसून गेलं. कडेला पांढरा सांगाडा दिसायला लागला.

ती जिथून प्रवाळ आणायची त्या दुकानदाराला मी घरी बोलावलं. त्याने काचेतून एकदा बघितलं. "साहेब, गेलं हे. सगळं काढून टाका. मॅडमपण आजारी आहेत, कशाला टेन्शन घेता?"

हॉस्पिटलमध्ये जाऊन तिला सांगितलं. हाताला सलाइन. तरी उठून बसली.

"मॅडम आजारी आहेत. मेल्या नाहीत अजून. घरी जा आणि व्हिडिओ कॉल लावा."

लावला.

"हीटर दाखवा. जवळून. अजून जवळ."

हीटरवर पांढरा, खरखरीत थर होता.

"पंप?"

तिथेही तेच.

मग आवाजच बदलला तिचा. लॅबमधला आवाज.

"आपण घालतोय ते कॅल्शियम प्रवाळाला मिळतच नाहीये. इथे दगड होऊन बसतंय. मॅग्नेशियम कमी पडलंय, ते असलं तरच कॅल्शियम पाण्यात विरघळून राहतं. मॅग्नेशियम तपासायचं माझ्याच डोक्यातून गेलं. जुनाच डोस ठेवा, वाढवलेला बंद. आधी मॅग्नेशियम वर आणू."

"आजच्या आज आणतो."

"आजच्या आज काही नाही. रोज थोडं थोडं. झटका दिलात तर उरलंसुरलंही मरेल."

रोज थोडं थोडं घातलं. मॅग्नेशियम चढलं, आणि त्याच्यामागून कॅल्शियमही. ती घरी आली तोपर्यंत हॅमर पुन्हा फुलायला लागलं होतं. पांढरी कड तशीच राहिली, पण शेजारून नवं तोंड फुटलं होतं.

बॅग दारात ठेवून तिने पहिला फोन दुकानदाराला केला.

"या बघायला."

बिचारा आला. बराच वेळ उभा राहिला. जाताना म्हणाला, "मॅडम, याची एक फांदी द्याल?"

"नाही."

त्यानंतर काही महिने मिळाले आम्हाला. चांगले गेले. मग ती गेली.

कमेंटमध्ये "झुंज अपयशी ठरली" वगैरे लिहू नका. पेपरातली वाक्यं आहेत ती. सुजाता आजारी पडली, जमेल तितकं जगली, आणि शेवटच्या आठवड्यातही मला ओरडली.

ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर माझे मोठे भाऊ, दादा, जवळ येऊन बसले. गावाहून आले होते. मायेनेच म्हणाले, "कशाला ठेवतोस आता हे? लाइट, पाणी, रोजची कटकट. काढून टाक. हॉल मोकळा होईल."

"हॉल मोकळा झालाच आहे, दादा."

ते खुर्ची ओढून टँकसमोर बसले. वहिनी "चला, गाडी चुकेल" म्हणत राहिल्या, तरी उठेनात.

आज संध्याकाळी घरी बुद्धवंदना आहे. यायचं त्यांनी या. फुलं आणू नका, तोडलेली फुलं तिला कधीच आवडली नाहीत.

सुजाता, इकडे सगळं ठीक आहे. तू नाहीस, तेवढं सोडून.

जय भीम.