भट्टीतलं शिसं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. बाबा विदर्भातून भोपाळला आले ते एका लहानशा फाउंड्रीत भंगार निवडायला. आई बरखेडा वसाहतीतल्या क्वार्टरांमध्ये पोळ्या लाटायला जायची. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि बाबांच्याच फाउंड्रीच्या लॅबमध्ये लागले. बाबा बाहेर उन्हात भंगाराच्या ढिगावर, मी आत एसीत. एसी पोरीसाठी नाही, मशीनसाठी आहे, असं बाबाच सगळ्यांना हसत सांगायचे. मग हळूच पुढे जोडायचे, की त्यात बसते मात्र माझीच पोरगी.

भट्टीवरच्या काही जणांना ते खुपायचं. माझ्यामागे ते मला ‘कबाड़ी की बेटी’ म्हणायचे. मला राग यायचा तो ‘कबाड़ी’चा नाही. बाबांनी निवडलेल्या भंगारातून आमच्या पंपांची कवचं ओतली जात होती, त्यात लाज कसली? राग यायचा तो माझ्यामागे बोलण्याचा. तोंडावर बोलले असते तर मी हो म्हटलं असतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. भट्टीत पोलाद वितळलं की पळीभर काढून त्याची चकती पाडतात. ती थंड होऊन माझ्याकडे येते. मी तिची एक बाजू सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर घासून लख्ख करते आणि मशीनखाली धरते. मशीन चकतीवर ठिणगी पाडतं आणि पडद्यावर आकडे येतात : कार्बन इतका, मँगनीज इतकं, क्रोमियम इतकं. माझा आकडा आला की मगच ओतायचं.

बाबांनी एकदा जेवताना विचारलं, मशीनला कळतं कसं? मी ताटातली डाळ सोडून समजावायला बसले. लोखंडाच्या प्रत्येक अणूच्या गाभ्यात सव्वीस प्रोटॉन असतात, शिशाच्या ब्याऐंशी. त्यात एक जरी कमीजास्त झाला तरी ते लोखंड राहत नाही, दुसरंच मूलद्रव्य होतं. गाभ्याबाहेर इलेक्ट्रॉन असतात. ठिणगीच्या झटक्याने ते वरच्या पातळीवर उडतात, आणि खाली परत येताना प्रकाश सोडतात. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश त्याचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा तसा नसतो. मशीन तो प्रकाश ओळखतं.

बाबा घास चावत राहिले. ढिगावर एखाद्या तुकड्याची शंका आली की ते तो ग्राइंडरला लावायचे आणि उडणाऱ्या ठिणग्या बघून ठेवायचा की टाकायचा ते ठरवायचे. ते म्हणाले, “म्हंजे तू बी ठिणगीच पाह्यते.”

“हो बाबा.”

“मंग घरचाच धंदा आहे न.”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे यंत्रांची पूजा झाली. फाउंड्रीतले सगळ्यांत जुने म्हणून पूजेचं ताट बाबांच्या हातात. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. फाउंड्रीच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, नारळ फोडला आणि एकही मशीन सुटता कामा नये असं बजावलं. बाबा भट्टी, क्रेन, साचे करत करत माझ्या लॅबपर्यंत आले. तिथे त्यांचा हात अंमळ जास्तच सैल सुटला. मशीनला बोटभर, फळीला बोटभर, जिथे तिथे. मी साहेबांच्या बायकोला मशीन दाखवत होते, बाबा कुठे कुठे लावताहेत तिकडे माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर पहिली भट्टी लागली. चकती आली, घासली, ठिणगी पाडली. पडद्यावर शिसं.

आमच्या पोलादात शिसं यायचं काहीच कारण नव्हतं. शिसं भट्टीच्या अस्तरात झिरपून नुकसान करतं, आणि कवचांचा माल तर बादच. भट्टीत ते येऊ शकतं एकाच वाटेने : भंगारातून. कुणी जुन्या बॅटरीचा तुकडा निवडताना पाहिला नाही की झालं. निवडणारे कोण, तर बाबा.

साहेब धावत आले. वितळलेलं पोलाद फार वेळ धरून ठेवता येत नाही, त्यामुळे निर्णय लगेच हवा होता. सगळा घाणा बाद करून टाकायचा हुकूम त्यांच्या ओठांवर होता, आणि बाबांना उद्यापासून येऊ नका म्हणायचंही. हे दुसरं तर ते दारातूनच बोलून गेले होते. बाबा हातमोजे काढून लॅबच्या दाराशी उभे. त्यांच्यामागे भट्टीवरचे लोक. आज तोंडावर बोलायला कुणाची हरकत नव्हती, तरी सगळे माझ्या पडद्याकडेच बघत होते.

साहेबांनी मला विचारलं, “मैडम, आपके पिताजी हैं, इसलिए पूछ रहा हूँ. रीडिंग सही है न?”

तिथे मला दोन सोप्या वाटा होत्या. मशीन बिघडलंय म्हणायचं, किंवा मान डोलवायची. पण त्याच चकतीवर मी तोवर तीन जागी ठिणगी पाडली होती, आणि शिशाचे तीन आकडे एकमेकांना ओळखही देत नव्हते. एकीकडे भरपूर, एकीकडे जेमतेम. बाकी कार्बन, मँगनीज, क्रोमियम तिन्ही जागी जवळजवळ सारखे. चहात साखर विरघळली की प्रत्येक घोट सारखाच गोड लागतो. हे शिसं विरघळलेलं नव्हतं. वरून लागलेलं होतं.

मी म्हटलं, “रीडिंग सही है, सर. पर सीसा भट्टी में है, ये मैंने अभी नहीं कहा.”

त्यांनी मला दहा मिनिटं दिली.

आमच्याकडे प्रमाण म्हणून ठेवलेली एक विकतची चकती असते. तिच्यात काय काय आहे ते आधीपासून माहीत असतं, आणि शिसं तिच्यात नाही. मी ती पट्ट्यावर घासली आणि मशीनखाली धरली. शिसं आलं. आता तिच्यात तर बाबांचं भंगार नव्हतं! मग मी पट्टा थांबवून वाकून पाहिला. मुळातच तांबूस रंगाचा पट्टा, पण एका ठिकाणी जरा जास्त तांबडा, आणि बोट लावलं तर तेलकट. शेंदूर. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. बाबांनी पोरीच्या एकाही यंत्राला उपाशी ठेवलं नव्हतं.

पट्टा काढला, नवा चढवला. प्रमाण चकती पुन्हा घासली : शिसं नाही. भट्टीची चकती पुन्हा घासली, खोलवर, जुना थर पार निघेपर्यंत. दाब सारखाच ठेवला. ठिणगी. तीन जागी. शिसं नाही, नाही, नाही.

मी पडदा साहेबांकडे वळवला आणि पट्टा त्यांच्या हातात दिला. काय झालं ते सांगितलं. कुणी लावलं तेही सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काय होतं? साहेबांनी पट्टा नाकाशी नेला, तेलाचा वास घेतला. एकही मशीन सुटू नये असं आपणच म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं असावं, कारण ते ओरडले नाहीत. ते दाराकडे वळून फक्त “ढालो”, ओता, असं म्हणाले, आणि भट्टीवरचे लोक पळाले.

बाबा तिथेच उभे. साहेब त्यांच्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, “आपका माल साफ है.” बस, एवढंच. पण बाबांनी भंगारात घालवलेल्या आयुष्यात असं लॅबचा आकडा दाखवून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो आकडा मी काढला होता.

त्या दिवशी आम्ही दोघांनी लांबून उभं राहून ओतणं पाहिलं. लाल-पिवळं पोलाद साच्यांत उतरत होतं आणि ठिणग्या उडत होत्या. जो माणूस ‘कबाड़ी की बेटी’ म्हणण्यात पुढे असायचा तो पळी ठेवून आमच्याकडे आला आणि बाबांना म्हणाला, “चाचा, बेटी ने बचा लिया.”

बाबा म्हणाले, “कबाड़ी की है न.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो ओशाळून हसला, आणि मग मीही हसले.

पुढच्या खंडेनवमीला ताट बाबांच्याच हातात होतं. लॅबच्या उंबऱ्यावर ते थांबले, आत पाऊल टाकलं नाही. “बाई, इथं कुठं लावू, तूच सांग.” मी चौकट दाखवली. तिथे त्यांनी शेंदराचं बोट टेकवलं, आणि ताटातलं झेंडूचं फूल दाराशेजारच्या पट्ट्यावर ठेवायला हात लांब केला. तसाच थांबवला.

“फुलात काय काय असते?”

मी मोजायला लागले. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, पोटॅशियम...

“ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाले, आणि फूल माझ्या वेणीत खोचून पुढच्या मशीनकडे गेले.